समोरचा खेळाडू कोण निवडतं?

एकट्याने खेळायच्या गेममध्ये सुरुवातीलाच सोपं, मध्यम, कठीण असे पर्याय येतात. ऑनलाइन गेममध्ये समोर माणसंच असतात, म्हणून तिथे काठिण्यपातळी नसतेच, असं पुष्कळांना वाटतं. ती असते, फक्त तिचं बटण आपल्या हातात नसतं. आपण लॉबीत थांबलेलो असताना सर्व्हर आपल्यासाठी प्रतिस्पर्धी निवडत असतो आणि सामना किती जड जाणार, हे बहुतांशी तिथेच ठरतं. कधीकधी समोर माणूसही नसतो. फोर्टनाइटने २०१९ मध्ये कौशल्य पाहून खेळाडू एकत्र आणायची पद्धत बदलली, तेव्हाच सामन्यांत बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेले खेळाडू, येणार असल्याचंही जाहीर केलं होतं.

या निवडीबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज असा: ‘चार सामने जिंकलो की गेम मला मुद्दाम हरवतो. माझे विजय पन्नास टक्क्यांवर आणून ठेवतो.’

हे समजायला बुद्धिबळाकडे जावं लागतं. अर्पाद एलो हे अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे, हंगेरीत जन्मलेले प्राध्यापक. त्यांची रेटिंगची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. नागपूरच्या दिव्या देशमुखच्या नावापुढे दिसणारा आकडा याच पद्धतीतून येतो. दोघांच्या रेटिंगमध्ये २०० गुणांचं अंतर असेल, तर वरच्याला शंभर डावांत साधारण ७६ गुण मिळावेत, ही त्यातली अपेक्षा. अंतर शून्य असेल तर दोघांना पन्नास-पन्नास. बहुतेक ऑनलाइन गेममधली मोजणी याच विचारावर उभी आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘ट्रूस्किल’ने त्यात संघांचा हिशेब आणला आणि खेळाडूबद्दलचा अंदाज किती पक्का आहे याचीही नोंद ठेवली. म्हणून नव्या खात्याचं रेटिंग भराभर हलतं आणि जुन्याचं हळूहळू.

आता जिंकलात की रेटिंग चढणार, पुढचा प्रतिस्पर्धी जास्त तयारीचा असणार. असं होत होत आपण आपल्या तोलाच्या माणसांत पोचतो आणि तिथे हार-जीत निम्मी-निम्मीच होते. कुणी मुद्दाम हरवायची गरजच उरत नाही. राहिला प्रश्न सलग पराभवांचा. अगदी तुल्यबळ असे शंभर सामने खेळलात, तर त्यात सलग पाच पराभव एकदा तरी येण्याची शक्यता ८१ टक्क्यांच्या आसपास आहे. रात्री एक वाजता ती मालिका कट-कारस्थानासारखी वाटते, पण नाणं उडवलं तरी हेच होतं.

तरीही खेळाडूंचा संशय अगदीच हवेतला नाही, हेही सांगायला हवं. २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या संशोधकांनी विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. खेळाडू गेम सोडून जाऊ नये या हेतूने जोड्या कशा लावता येतील, याची मांडणी त्यात होती. सामना तुल्यबळ असण्याला तिथे दुय्यम स्थान होतं. त्याच वर्षी अ‍ॅक्टिव्हिजनला एक पेटंट मिळालं, खरेदीचा मोह होईल अशा जोड्या लावण्याचं. ते कुठल्याही गेममध्ये वापरलेलं नाही, असं कंपनीने सांगितलं. निबंध किंवा पेटंट म्हणजे वापराचा पुरावा नव्हे. पण बुद्धिबळात रेटिंगचं सूत्र कुणालाही वाचता येतं, तसं गेम कंपन्यांनी का करू नये? संशयाला त्यांची ही लपवाछपवीच खतपाणी घालते.

‘कौशल्य पाहून सामने लावले की साध्या खेळाडूची मजा जाते,’ हे आणखी एक ठाम मत. अ‍ॅक्टिव्हिजनने २०२४ मध्ये आपल्या एका चाचणीची माहिती प्रसिद्ध केली. ‘कॉल ऑफ ड्यूटी’मध्ये काही खेळाडूंसाठी कौशल्याचा निकष सैल करून पाहिला होता. त्यातले ९० टक्के खेळाडू गेमकडे कमी परतू लागले आणि वरचे दहा टक्के मात्र जास्त परतले. आकडे कंपनीचेच आहेत, तेवढी सावधगिरी हवी. पण तक्रारीचा आवाज एवढा मोठा का ऐकू येतो, ते यातून कळतं. दिवसभर लाखोंसमोर खेळून दाखवणारे स्ट्रीमर बहुधा त्या वरच्या दहा टक्क्यांतच मोडतात.

जिथे अनेक जण मिळून गेममधल्याच शत्रूशी लढतात, तिथेही एक समजूत आहे: सोपी पातळी दिली की कसलेल्यांच्या पराक्रमाची किंमत कमी होते. तिला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने उत्तर दिलेलं आहे. २००४ साली तिथल्या मोठ्या मोहिमांना चाळीस जण जमवावे लागत. नॅक्सरामस ही मोहीम इतक्या कमी लोकांनी पाहिली की पुढे २००८ मध्ये ती दहा आणि पंचवीस जणांसाठी पुन्हा आणावी लागली. २०११ मध्ये अनोळखी माणसांबरोबर खेळता येईल अशी सोपी पातळी आली. २०१३ मध्ये दहा ते पंचवीस, जितके येतील तितक्यांना साजेशी शत्रूची ताकद आपोआप ठरू लागली. आणि २०१४ मध्ये ‘मिथिक’ ही सर्वांत अवघड पातळी आली, तिथे मात्र बरोबर वीस जण हवेत. कारण ज्यांना एकमेकांशी तुलना करायची आहे, त्यांना सगळ्यांसाठी एकच अट लागते. ज्यांना सोबत हवी आहे, त्यांना ऐनवेळी दोघे आले नाहीत तरी खेळता यायला हवं.

हे दोन वर्ग मात्र कप्पेबंद नाहीत. रिचर्ड बार्टल यांनी रॉय ट्रबशॉ यांच्याबरोबर एसेक्स विद्यापीठात १९७८ पासून ‘मड’ हा केवळ मजकुरावर चालणारा गेम घडवला. १९९६ मधल्या लेखात त्यांनी खेळाडूंचे चार प्रकार सांगितले: कमाई करणारे, शोध घेणारे, गप्पा मारणारे आणि दुसऱ्यांवर कुरघोडी करणारे. लोकांनी त्याच्या चाचण्या बनवल्या आणि माणसांना शिक्के मारले. निक यी यांनी २००६ मध्ये सुमारे तीन हजार खेळाडूंची उत्तरं तपासली, तेव्हा यश, सोबत आणि त्या जगात रमणं अशा तीन मुख्य प्रेरणा दिसल्या. एक प्रेरणा तीव्र असली म्हणून दुसरी कमी होते, असं मात्र आढळलं नाही.

सांगलीतला मुलगा न्यू जर्सीतल्या मावसभावाबरोबर खेळतो, तेव्हा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारा वेळ, वाढतो, नेम चुकतो, रँक घसरते. तरी दोघे पुढच्या शनिवारी पुन्हा येतात. जिंकायची इच्छा दोघांनाही आहेच, पण त्या तासापुरती ती दुसऱ्या क्रमांकावर आहे. रँक वेगवेगळी असलेल्या मित्रांनाही एकत्र खेळता यावं, यासाठी ‘व्हॅलोरंट’ने एक मार्ग काढला आहे. पाच जणांचा पूर्ण संघ असेल, तर रँकमध्ये कितीही तफावत असली तरी एकत्र खेळता येतं. फक्त तफावत फार असेल तर जिंकूनही रँकचे गुण कमी मिळतात. ज्यांना गुणच नको आहेत, त्यांच्यासाठी बिनरँकचे सामने आहेत. तिथे अशी अट नाही.