पाऱ्याचे 120 मिलिमीटर

रक्तदाब ‘120/80’ असे डॉक्टर लिहितात. हे आकडे पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीचे, मिलिमीटरमध्ये. हृदय आकुंचन पावताना धमनीत असणारा दाब वरचा, शिथिल असतानाचा खालचा. पारा पाण्याच्या 13.6 पट जड. तेव्हा 120 मिलिमीटर पाऱ्याचा दाब सुमारे 163 सेंटिमीटर पाणी तोलून धरतो. वर्गाच्या भिंतीवर ही उंची खडूने दाखवावी. मुले थक्क होतात.

दाब सतत 140/90 वा अधिक राहिला, तर सामान्यतः त्यास उच्च रक्तदाब म्हणतात. धमन्यांच्या भिंती जाड व ताठर होतात, हृदयावरचा भार वाढतो, मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब होतात. दुखत मात्र बहुधा काहीच नाही. त्यामुळे ‘बरे वाटते’ म्हणून गोळी सोडणे धोक्याचे. दाब मोजल्यावाचून कळत नाही.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च 1944 मध्ये 186/108 होता. डॉक्टरांनी मीठ कमी करायला लावले, विश्रांती सांगितली. याहून फारसे हातात नव्हते. ताठर धमन्यांतून रक्त ढकलायला वाढीव दाब हवाच, असेही तेव्हा अनेक डॉक्टर मानत! 12 एप्रिल 1945 रोजी डोके प्रचंड दुखू लागले आणि मेंदूतील रक्तस्रावाने ते वारले. त्या दुपारी वरचा आकडा 300 वर गेला होता, म्हणजे चार मीटर पाणी. सहज घेता येईल अशी परिणामकारक गोळी, क्लोरोथायाझाइड, बाजारात आली ती 1958 साली.