राजधानीच्या पेठा आणि राजसत्तेचा शिक्का

रोमन साम्राज्याचा पश्चिम भाग पाचव्या शतकात लयास गेला, तरी सम्राट कॉन्स्टंटाइनने बॉस्फरसच्या काठी इ. स. ३३० मध्ये प्रतिष्ठापित केलेल्या राजधानीतून त्याचा पूर्व भाग, ग्रीक भाषा आणि ख्रिस्ती धर्म यांचा अंगीकार करून, १२०४ ते १२६१ हा परचक्राचा काळ वगळता, १४५३ पर्यंत नांदत राहिला. या बायझंटाइन साम्राज्याचे नाव निघाले की राजवाड्यातील कारस्थाने, आंधळे केलेले राजपुत्र आणि धर्मपंडितांचे वाद एवढेच बहुधा आठवते. पण हे राज्य इतकी शतके कशाच्या आधारावर टिकले, हे जाणून घ्यायचे तर राजवाड्याकडे पाठ फिरवून पेठेत शिरले पाहिजे.

सुदैवाने त्या पेठेचा कायदाच उपलब्ध आहे. सम्राट सहावा लिओ याच्या कारकीर्दीच्या अखेरीस, इ. स. ९१२ च्या सुमारास सिद्ध झालेला ‘एपार्कचा ग्रंथ’ हा तो कायदा होय. एपार्क हा राजधानी कॉन्स्टँटिनोपलचा नगराधिकारी. आपल्याकडील कोतवालाप्रमाणे शहराचा बंदोबस्त त्याच्याकडे असेच, परंतु सराफ, रेशीमवाले, दस्तऐवज लिहिणारे, वाणी, खाटीक, भटारी अशा व्यवसायसंघांवरही त्याचाच अंमल चाले.

या ग्रंथातील बारकावे मोठे बोलके आहेत. सुगंधी द्रव्ये विकणाऱ्यांनी आपली दुकाने राजवाड्याच्या महाद्वारापाशीच ओळीने मांडावीत, म्हणजे द्वारावरील ख्रिस्ताच्या प्रतिमेपर्यंत परिमळ पोहोचेल आणि राजवाड्याच्या देवड्याही दरवळतील, अशी आज्ञा आहे. त्यांच्या मालात दालचिनी, कस्तुरी, ऊद यांच्याबरोबर मिरीही येते. वाण्यांना मात्र शहरात कोठेही दुकान थाटण्याची मुभा होती, कारण रोजच्या जिनसा लोकांना घराजवळ मिळाव्यात हा हेतू. भटाऱ्यांना आणि त्यांच्या जनावरांना वेठीस धरण्याची सक्त मनाई होती, कारण राजधानीच्या भाकरीत खंड पडणे राजसत्तेला परवडणारे नव्हते. गुत्तेवाल्याने रात्रीच्या दुसऱ्या प्रहरापूर्वीच, सूर्यास्तानंतरच्या दुसऱ्या तासाला, चुली विझवून दारे लावावीत, नाहीतर दिवसभर पिऊन गेलेले लोक पुन्हा येऊन दंगा करतील, असा इशाराही तेथे सापडतो. सरकारी शिक्का नसलेली मापे वापरणाऱ्यास फटके मारून त्याचे मुंडन करीत. आणि सोन्याचे नाणे कातरणाऱ्या किंवा खोटे पाडणाऱ्या सराफाचा हात तोडीत.

हा जाच परकीयांनाही चुकला नाही. इ. स. ९६८ मध्ये जर्मन सम्राट पहिला ओटो याचा वकील म्हणून आलेला क्रेमोनाचा बिशप ल्युटप्रांड परत निघाला, तेव्हा त्याने विकत घेतलेली जांभळी वस्त्रे अंमलदारांनी जप्त केली. ते वस्त्र म्हणजे राजवैभवाचे चिन्ह. ते कोणी ल्यावे आणि कोणी नेसू नये, हे ठरविण्याचा अधिकार सम्राटाने स्वतःकडे राखला होता.

एवढ्या निर्बंधांनी व्यापाराचा गळा आवळला गेला नाही, याचे मर्म नाण्यात होते. कॉन्स्टंटाइनच्या काळापासून सोन्याच्या एका रोमन रत्तलातून बहात्तर नाणी पाडण्याचा शिरस्ता होता, आणि अकराव्या शतकापर्यंत त्यांचा कस इतका विश्वासार्ह राहिला की दूरदूरच्या बाजारांत ते नाणे बिनदिक्कत स्वीकारले जाई. दुकानदार शिक्का सोशी, कारण शिक्का मारणारा स्वतः खरा होता.

विश्वासाची ही साखळी तुटली ती वरच्या टोकाला. अकराव्या शतकात सैन्याचा खर्च, राजवाड्याचा डामडौल आणि उधळपट्टी भागविण्यासाठी सम्राटांनीच नाण्यातील सोने कमी करण्यास आरंभ केला; नववा कॉन्स्टंटाइन याच्या काळात ही घसरण उघड झाली, आणि १०८० नंतर तर त्यात सोने जेमतेम नावापुरते उरले. १०९२ मध्ये सम्राट अलेक्सिओस कोम्नेनोसने नवे नाणे काढून घडी बसविली खरी, पण जुनी पत पुन्हा पूर्ववत झाली नाही. ज्या अपराधासाठी सराफाचा हात तोडला जाई, तोच अपराध सिंहासनावर बसून केला तर त्याला धोरण म्हणतात. त्या धोरणाची किंमत मात्र अखेर साऱ्या राज्याला मोजावी लागते.