आवाजासाठी राखीव वेळ

कमी शक्तीच्या, जवळच्या पल्ल्याच्या बिनतारी जाळ्यांची गेली पंचवीस वर्षे पाहिली, की एक ओढाताण सतत दिसते: बॅटरी वाचवायची की आवाज वेळेवर पोचवायचा? तापमानाचा आकडा दोन सेकंद उशिरा आला तरी बिघडत नाही. बोलणे अर्धा सेकंद रखडले, की माणसे एकमेकांचे वाक्य तोडू लागतात.

स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सनमध्ये १९९४ साली सुरू झालेल्या कामातून ब्लूटूथ आले. १९९९च्या पहिल्या आराखड्यात सेकंदाचे १६०० भाग पाडून त्यांतले ठरावीक भाग बोलण्यासाठी राखले होते. आवाजाचा हरवलेला तुकडा परत मागता येत नसे. थोडी खरखर चालेल, खोळंबा नको, असा तो हिशेब होता. मर्यादित प्रमाणात तुकडा पुन्हा पाठवण्याची सोय २००३च्या आवृत्तीत झाली.

संवेदकांच्या जाळ्यांत वापरल्या जाणाऱ्या झिगबी या तंत्राचा पाया असलेले ८०२.१५.४ हे मानकही २००३चेच. वेग सेकंदाला २५० किलोबिट, एका वेळी जास्तीत जास्त १२७ बाइट आणि रेडिओ बहुतेक वेळ बंद. संवेदकांना एवढे पुरे होते. आवाज मात्र एका यंत्राकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे न्यायचा, तर प्रत्येक टप्प्यावर तोच तुकडा पुन्हा पाठवावा लागतो आणि वेग वाटला जातो.

२ जानेवारी २००६ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील सेगो कोळसा खाणीत स्फोट झाला. अडकलेल्या १३ जणांशी संपर्क तुटला. १२ जण दगावले. बिनतारी आवाजाची निकड अशी जिवावरची होती. त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी पेनसिल्व्हेनियातील प्रायोगिक खाणीत ‘फायरफ्लाय’ या छोट्या संवेदक-यंत्रांच्या जाळ्यातून दुतर्फा आवाज नेल्याचे मांडले. सगळ्या यंत्रांची घड्याळे जुळवून, कोणी कधी प्रक्षेपण करायचे हे त्यांनी आधीच ठरवून दिले होते.

२०१०चे ब्लूटूथ लो एनर्जी छोट्याशा सेलवर महिनोन्‌महिने चाले; पण त्यात आवाजाची प्रमाणित सोय नव्हती. श्रवणयंत्र उत्पादकांच्या युरोपीय संघटनेने २०१४पासून तिचा पाठपुरावा केला. जानेवारी २०२०मध्ये एलई ऑडिओ जाहीर झाले: कमी बिटांत स्वच्छ आवाज देणारी एलसी३ पद्धत आणि पुन्हा एकदा, ठरावीक अंतराने राखलेली वेळ.

ब्लूटूथ असो, खाणीतले जाळे असो वा श्रवणयंत्र, आवाज पोचला तो वेळेच्या शिस्तीमुळे. म्हणून खाणीत, बोगद्यात, बचावकार्यात जिथे माणसाची हाक ऐकू यायलाच हवी, तिथे आवाजाची वेळ पहिल्या आराखड्यातच राखली पाहिजे. मागून जोडलेली सोय संकटात अपुरी पडते.