चिमूटभर मेण, सहा गिझर

कॅनडातल्या विनिपेगमध्ये जानेवारीच्या रात्री पारा उणे २० अंशांच्या आसपास असतो. अशा थंडीत हीटरचे बटण पूर्ण फिरवूनही कोमट हवाच येत असेल, तर वाटते की इंजिन पुरेसे तापतच नाही. हिशेब मांडला की हसू येते.

ताशी ८० किलोमीटरने धावणारी आणि लिटरला २० किलोमीटर देणारी गाडी तासाला ४ लिटर पेट्रोल पिते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर त्या तासात २ लाख ४० हजार स्फोट होतात. एका स्फोटाच्या वाट्याला पेट्रोलच्या थेंबाचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो आणि तेवढ्यावर आतला वायू क्षणभर २,००० अंशांच्या वर जातो. पिस्टन ज्या ॲल्युमिनियमचा असतो, ते शुद्ध रूपात ६६० अंशांनाच वितळते! तो वाचतो, कारण ती आग सेकंदाच्या काही हजारांश भागापुरती असते आणि उष्णता सतत बाहेर ओढली जाते.

४ लिटर पेट्रोलमध्ये सुमारे १३ कोटी ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे तासभर सलग ३६ किलोवॉट. त्यातला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कूलंटमध्ये, म्हणजे इंजिनभोवती फिरणाऱ्या द्रवात उतरतो, आणि हीटर त्याच्यावरच चालतो. हे झाले १२ किलोवॉट. न्हाणीघरातले दोन किलोवॉटचे सहा गिझर एकदम चालू ठेवल्याइतके. मग गाडीत बसलेले कुडकुडतात का?

कारण पुढचा रेडिएटर. तो बनवलेला असतो ४५ अंशांच्या उन्हात, भरलेल्या गाडीने घाट चढताना कूलंट थंड ठेवण्यासाठी. तेव्हा ९० अंशांचे कूलंट आणि हवा यांत फरक असतो ४५ अंशांचा. विनिपेगमध्ये तोच ११० होतो. म्हणजे उष्णता फेकण्याची ताकद जवळजवळ अडीचपट, आणि फेकायला उष्णता मात्र घाटातल्यापेक्षा कितीतरी कमी. रेडिएटरची वाट उघडणारी-मिटणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, उघडीच अडकली, तर सहाही गिझर रस्त्यावर रिकामे होतात.

त्यांच्यावर पहारा असतो चिमूटभर मेणाचा. अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यांनी १९३० च्या दशकात ही युक्ती बसवली. पितळी कुपीतले मेण साधारण ८२ ते ९० अंशांना वितळते, दहा-पंधरा टक्के फुगते आणि झडप काही मिलिमीटर ढकलते. वीज नाही, संगणक नाही. आजच्या बहुतेक गाड्यांतही तत्त्व हेच आहे.

तपासणी सोपी आहे. आधी कूलंटची पातळी पाहा. मग थंड इंजिन सुरू करा. रेडिएटरकडे जाणारा होज पहिल्या काही मिनिटांतच तापू लागला, तर झडप उघडी अडकली आहे. स्कॅनरवर पी०१२८ हा कोड दिसला, तर संशय आणखी पक्का.

बदलायचे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करावे. गरम कूलंट दाबाखाली असते, टोपी उघडताच अंगावर उसळते. थोडे कूलंट खाली काढा, थर्मोस्टॅटच्या घराचे दोन-तीन बोल्ट सोडा, जुना गॅस्केट खरवडा आणि नवा थर्मोस्टॅट त्याच दिशेने बसवा. हे बोल्ट बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असतात: मीटरभर दांड्याच्या टोकाला एक किलो वजन टांगल्याइतके. हौसेने जास्त जोर लावणारे ॲल्युमिनियमचे आटे घालवून बसतात. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे भरा. ते मिश्रण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. हीटर पूर्ण गरमवर ठेवून आत अडकलेली हवा काढा, नाहीतर नवा थर्मोस्टॅट बसवूनही कोमटच. काढलेले कूलंट चवीला गोड आणि विषारी असते. कुत्रा-मांजर पोहोचेल तिथे ठेवू नका.

आपल्याकडे उलटा सल्ला सर्रास मिळतो: ‘इथे थंडी कुठे आहे, थर्मोस्टॅट काढूनच टाका.’ ऐकू नका. थंड राहिलेले इंजिन पेट्रोल जास्त पिते आणि झिजतेही लवकर. बिघडलेला थर्मोस्टॅट जरूर काढा, पण त्याच्या जागी नवा बसवा.