गवंड्याची लिपी

भिलाईला मला पाठवलं होतं पोलादावर लिहायला. तो लेख उशिरा गेला. संपादकांना कारण सांगितलं नव्हतं, ते आता सांगतो: सेक्टर ६ मधली जामा मशीद.

नागपूरहून निघालेली गाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव करत दुर्गला पोचते आणि दुर्गला लागूनच भिलाई. १९५५ साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. भोवती जे गाव उभं राहिलं त्याला पेठा नाहीत, आळ्या नाहीत. सेक्टर आहेत, आकड्यांनी ओळखले जाणारे. अशा चौकटीच्या वहीत आखल्यासारख्या गावात ही मशीद आहे, हे मला पुढे फार सोयीचं वाटलं.

मशिदीवर अक्षरं कोरलेली आपण पाहतो. विजापूरच्या इब्राहिम रौझ्यात तर अक्षरं गुंफून खिडक्यांच्या जाळ्या केल्या आहेत. भिलाईत मात्र इमारतीलाच ‘या अल्लाह’ या अरबी अक्षरांचा आकार दिला आहे. मी फाटकासमोर उभा राहून डावीकडून शोधत होतो आणि काही केल्या जुळेना. नमाजाहून परतणारे एक चाचा थांबले. म्हणाले, “दाईं तरफ़ से पढ़िए, भैया.” एवढं म्हणून ते गेलेही.

त्या रात्री गेस्ट हाऊसवर मी चौकटीची वही घेऊन बसलो. ‘या अल्लाह’मध्ये अक्षरं सहा: ये, अलिफ, पुन्हा अलिफ, लाम, लाम आणि शेवटी हे. यांतली चार, म्हणजे दोन अलिफ आणि दोन लाम, सरळ उभ्या रेघा. ये म्हणजे खाली एक बुटका दात, तो पहिल्या अलिफला तळाशी जोडलेला. दुसरा अलिफ एकटाच, कारण अलिफ आपल्या डावीकडच्या अक्षराचा हात कधी धरत नाही. मग दोन लाम, त्यांच्या पायाशी आडवी पट्टी, आणि तिच्या टोकाला हे. चौकोनी लिपीत तो सरळ एक बंद खोका होतो. चार खांब, तळाची पट्टी, एक खोली. घर बांधायला निघालेल्या माणसाला याहून तयार शब्द मिळणं अवघड आहे!

या वळणाचं घराणं म्हणजे कुफी. इराकमधल्या कूफा शहरावरून नाव पडलेली, कोनांची आणि सरळ रेघांची लिपी. जेरुसलेमच्या घुमटात हिजरी ७२ मधला, म्हणजे इ. स. ६९१-९२ चा लेख याच वळणाचा आहे. भारतात दिल्लीला इल्तुतमिशच्या कबरीत, १२३५ च्या सुमारास, ती दगडात उतरली. पण माझा जीव अडकला तो तिच्या विटांमधल्या धाकट्या भावंडात. इराण आणि मध्य आशियात, इस्फहानच्या जुन्या जामा मशिदीत किंवा समरकंदच्या बीबी खानममध्ये, भिंती चौकोनी कुफीने भरल्या आहेत. त्या विटकामाला ‘बन्नाई’ म्हणतात; बन्ना म्हणजे बांधणारा, आपला गवंडी. बोरू धरणाऱ्याची नव्हे, ओळंबा आणि गुण्या धरणाऱ्याची लिपी. साधी वीट आणि निळ्या झिलईची वीट, एवढ्या दोनच गोष्टींत अल्लाह, मुहम्मद, अली ही नावं भिंतभर फिरवायची.

तिचा कायदा एकच आणि फार कडक: रेघ जेवढी जाड, तेवढीच दोन रेघांमधली मोकळी जागा. नुक्ते बहुतेक वेळा गाळलेले. आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी काढणारीला हा जाच लगेच कळेल. एक घर चुकलं की शेवटची ओळ बसत नाही. माझी पहिली दोन पानं अशीच वाया गेली; तिसऱ्यावर शब्द बसला, पण आरशातला. सवयीने डावीकडूनच सुरुवात केली होती.

भिलाईच्या मशिदीला शास्त्रशुद्ध कुफी म्हणावं असा माझा हट्ट नाही. जाणकार नाक मुरडतील. पण अक्षराने बांधकामाच्या शिस्तीत यायचं, ही जी मूळ गोष्ट आहे, ती इथे इतकी पुढे गेली आहे की सजावट आणि इमारत वेगळी काढताच येत नाही. पोलादाच्या गावात ती शोभते.

काळजी वाटते ती इथूनच पुढे. कागदावरचं अक्षर खराब झालं तर नवं लिहिता येतं. इमारतीचं अक्षर दुरुस्त करणारा माणूस बहुधा ते वाचत नसतो. काँक्रीटला ओल लागते, आतली सळई गंजून फुगते, पापुद्रा सुटतो. मग गिलावा येतो. गिलाव्याचा हिशेब करून पाहा. नऊ इंची रेघ, नऊ इंची मोकळी जागा. प्रत्येक बाजूला एक इंच थर चढला की रेघ अकरा इंच आणि जागा सात. गवंड्याने काम चोख केलं, ओळंबा सुटलेला नाही, तरी शब्द जाडावला. असे दोन-तीन हात फिरले की समोर उरते नुसती खांबांची रांग. त्यात मोकळी जागा ही कुणालाच मोकळी ठेवण्यासारखी वाटत नाही. पाण्याचा पाइप, पत्र्याची शेड, वातानुकूलन यंत्राचा डबा, सगळं तिथेच जातं. अक्षराच्या पोटात डबा बसला की ते अक्षर राहत नाही.

दुसरी भीती नवी आहे. आता चौकोनी कुफी संगणकावर मिनिटात तयार होते आणि यंत्रावर जाळी कापून मिळते. कापलेली जाळी दोन्ही बाजूंनी सारखीच देखणी दिसते, त्यामुळे बसवणाऱ्याने ती उलटी बसवली तरी डोळ्याला खटकत नाही. माझ्या तिसऱ्या पानासारखी.

म्हणून ज्यांच्या ताब्यात अशी अक्षरांची इमारत आहे, मग ती कुठल्याही गावात असो, त्यांना एक विनंती. गिलाव्याचं कंत्राट देण्याआधी टेप घेऊन मोकळ्या जागा मोजून ठेवा आणि ती मापं कंत्राटात लिहा. आणि तुम्ही हावड्याच्या गाडीत असाल तर दुर्गला उतरा, रिक्षावाल्याला सेक्टर ६ सांगा आणि रस्त्याच्या पलीकडे, जरा लांब उभे राहा. उजवीकडून सुरुवात करायची.