ओळखीची तेवढीच टोपलीत!

फ्रान्सच्या ग्रामीण भागात शरद ऋतू उतरला की माणसे टोपली घेऊन रानात शिरतात. रानातली अळंबी वेचणे हा तिथला आवडता छंद आहे आणि प्रसंगी जिवावर बेतणारा उद्योगही. या छंदाला शिस्त कशी लागली आणि रानातला हा मेवा घरच्या भट्टीपर्यंत कसा पोहोचतो, त्याविषयी...

पॅरिसहून दक्षिणेकडे निघालेली आगगाडी ऑर्लेआँ शहर मागे टाकते, तशी शेते विरळ होत जातात आणि दुतर्फा झाडांची दाटी सुरू होते. लुआर आणि शेर या दोन नद्यांच्या मध्ये पसरलेला, सुमारे पाच लाख हेक्टरांचा हा प्रदेश म्हणजे सोलोन्य. वालुकामय, आम्लधर्मी जमीन, जागोजागी तळी आणि ओक, बर्च, पाइन यांची राने. एकोणिसाव्या शतकापर्यंत दलदल, हिवताप आणि दारिद्र्य हीच या भागाची ओळख होती. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात दलदलीचा निचरा करून पाइनची लागवड करण्यात आली आणि सोलोन्यचे रूप पालटले. आज शिकार, तळ्यांतली मासळी आणि शरदातली अळंबी यांसाठी हे रान प्रसिद्ध आहे.

ऑगस्टअखेरीस आणि सप्टेंबरमध्ये चांगला पाऊस झाला, जमीन अजून उबदार असली, की आठ-दहा दिवसांत ओकच्या पायथ्याशी तपकिरी टोप्या डोके वर काढू लागतात. हीच ती ‘सेप’. जाड, पांढऱ्या देठाची आणि टोपीखाली पात्यांऐवजी बारीक छिद्रांचा स्पंजासारखा थर असलेली ही अळंबी फ्रेंच माणसाला सर्वाधिक प्रिय. तिच्या जोडीला जर्दाळूसारखा मंद वास असलेली पिवळीधमक ‘जिरोल’, टोपीखाली मऊ काटे असलेली ‘पिए द मूताँ’ म्हणजे मेंढीचा पाय, आणि काळ्या कर्ण्यासारखी दिसणारी ‘त्रोंपेत द ला मॉर’. या शेवटच्या नावाचा अर्थ ‘मृत्यूची तुतारी’ असा असला, तरी ती निर्धोक आणि चविष्ट असते. खरा मृत्यू मात्र याच रानात अगदी साध्या वेषात उभा असतो. त्याकडे नंतर वळू.

शेतात न पिकणारे पीक

आपल्याकडे बाजारात पाकिटात मिळणारी पांढरी ‘बटन मशरूम’ हीदेखील मूळ फ्रेंच परंपरेचीच देणगी. पॅरिसजवळच्या दगडाच्या जुन्या खाणींत, अंधारात आणि खतावर ती पिकवली जाई. म्हणूनच फ्रान्समध्ये तिला आजही ‘पॅरिसची अळंबी’ म्हणतात. मग सेपची अशी शेती का होत नाही? उत्तर जमिनीखाली आहे. आपण जिला अळंबी म्हणतो ते बुरशीचे केवळ फळ होय. तिचे खरे शरीर म्हणजे मातीत पसरलेले सूक्ष्म धाग्यांचे जाळे. सेपचे हे जाळे ओक, बीच, चेस्टनट, पाइन अशा झाडांच्या मुळांना बिलगून राहते. झाड त्याला साखर पुरवते, तर जाळे झाडाला मातीतले पाणी आणि क्षार मिळवून देते. ही भागीदारी कारखान्यात उभी करणे व्यापारी प्रमाणावर आजवर साधलेले नाही. गोव्यात आणि कोकणात पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या अळंबीची गोष्ट काहीशी अशीच आहे. तिची भागीदारी झाडाऐवजी वाळवीशी, एवढाच फरक. दोन्हीकडे निष्कर्ष एकच. जंगल किंवा वारूळ राखले, तरच अळंबी मिळेल.

वेचण्याने रान ओसाड होते का, हा प्रश्न फ्रान्समध्ये वारंवार विचारला जातो. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये जवळपास तीन दशके चाललेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की अळंबी कापली काय किंवा उपटली काय, पुढच्या वर्षीच्या पिकावर त्याचा परिणाम होत नाही. पायांखाली जमीन तुडवली गेल्याने मात्र त्या मोसमात उगवणाऱ्या अळंब्यांची संख्या घटते.

रान कोणाचे?

रानात उगवले ते सर्वांचे, ही समजूत फ्रान्समध्येही सार्वत्रिक आहे आणि ती चुकीची आहे. फ्रान्समधील सुमारे तीन चतुर्थांश वनक्षेत्र खासगी मालकीचे असून कायद्याने त्यातली अळंबी जमीनमालकाची ठरते. परवानगीशिवाय दहा लिटरपर्यंत वेचल्यास दंड होतो. त्याहून अधिक वेचल्यास किंवा ट्रफलला हात लावल्यास तो चोरीचा गुन्हा होतो आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद व ४५,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. सरकारी वनांत घरच्या वापरापुरती, साधारण माणशी पाच लिटर अळंबी वेचू दिली जाते. टोपलीचे माप लिटरमध्ये सांगण्यामागचे कारण हेच.

सोलोन्यमध्ये हा प्रश्न अधिक टोकदार आहे. शिकारीसाठी राखलेल्या मोठ्या वाड्यांभोवती उंच जाळ्यांची कुंपणे उभी राहिली आणि हरणे-डुकरांबरोबर गावकऱ्यांचीही वाट अडली. त्यावरील असंतोषातून २ फेब्रुवारी २०२३ रोजी कायदा झाला. रानातले कुंपण १.२० मीटरहून उंच नसावे आणि प्राण्यांना जाता यावे यासाठी ते जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर असावे, असे त्याने ठरवले. मात्र त्याच कायद्याने, फलक लावलेल्या खासगी रानात शिरणे हा दंडनीय अपराध ठरवला. कुंपण खाली आले आणि दंड वर चढला, अशी ही तडजोड. त्यातच अळंबीचा आणि शिकारीचा मोसम एकच. त्यामुळे जाणती माणसे भडक रंगाचे जाकीट घालतात आणि हाकारा चाललेल्या रानाकडे फिरकत नाहीत.

एक घास आणि फसवी उसंत

आता त्या मृत्यूविषयी. ‘आमानित फालोईद’ ही हिरवट-पिवळ्या टोपीची, पांढऱ्या पात्यांची, देठावर झालर असलेली देखणी अळंबी ओकखालीच उगवते. युरोपात अळंबीमुळे होणाऱ्या बहुसंख्य मृत्यूंना तीच कारणीभूत ठरते. एकच अळंबी प्रौढ माणसाचा प्राण घेऊ शकते. तिला चव वाईट नसते, वास संशयास्पद नसतो आणि शिजवल्याने तिचे विष नष्ट होत नाही. सर्वांत घातक गोष्ट म्हणजे वेळ. खाल्ल्यानंतर सहा तास, कधी त्याहून बरेच अधिक, काहीच होत नाही. मग जोराच्या उलट्या आणि जुलाब सुरू होतात. त्यानंतर थोडा आराम पडतो, रोगी सावरला असे घरच्यांना वाटते. याच उसंतीत विष यकृत निकामी करीत असते. काही रोग्यांपुढे यकृतरोपणावाचून मार्ग उरत नाही.

या अळंबीच्या देठाच्या तळाशी पांढरी पिशवी असते आणि तीच तिची मुख्य खूण. सुरीने देठ वरच्यावर कापणारा हौशी माणूस हा पुरावा मातीतच सोडून येतो. म्हणून ओळख पटवायची असेल, तर अळंबी मुळापासून अलगद काढावी असे जाणकार सांगतात. गोगलगायीने खाल्लेली अळंबी निर्धोक, चांदीचा चमचा काळा पडला नाही तर निर्धोक, या लोकसमजुतींना काडीचाही आधार नाही.

परंपरागत ज्ञानही कधी अपुरे पडते. अटलांटिक किनाऱ्यालगतच्या पाइनच्या रानांत ‘बिदाऊ’ नावाची पिवळी अळंबी लोक पिढ्यान्‌पिढ्या खात होते, ती बाजारात विकलीही जाई. २००१ मध्ये डॉक्टरांनी नैर्ऋत्य फ्रान्समधील बारा रोग्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. लागोपाठ अनेक जेवणांत ही अळंबी खाल्ल्यानंतर त्यांच्या स्नायूंचा ऱ्हास झाला होता. त्यांपैकी तिघे दगावले. पुढे तिच्या विक्रीवर बंदी आली. ‘आमचे आजोबा खात आले’ हा युक्तिवाद तिथेच कोसळला.

शंका आली, टाकून द्या

या अनुभवांतून फ्रान्समध्ये एक शिस्त रुजली. व्होज पर्वतराजीच्या परिसरात १८८४ मध्ये अळंबी-अभ्यासकांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. डॉक्टर असलेले ल्युसियाँ केले हे तिच्या संस्थापकांपैकी एक. आजही शरदात गावोगावच्या मंडळांची प्रदर्शने भरतात. औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासक्रमात अळंबीची ओळख शिकवली जाते, त्यामुळे टोपली घेऊन गावातल्या औषधाच्या दुकानात जाण्याची प्रथा पडली. मात्र प्रत्येक औषधविक्रेत्याचा हात या कामात बसलेला असतोच असे नाही.

एवढे असूनही विषबाधेचे हजाराहून अधिक प्रकार दरवर्षी नोंदले जातात. म्हणून अन्नसुरक्षा संस्था ‘आन्सेस’ दर शरदात सूचना देते. पूर्ण खात्री असलेलीच अळंबी घ्या. मोबाइलवरच्या ओळख पटवणाऱ्या ॲपवर विसंबू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत अळंबी लवकर कुजते, म्हणून टोपली वापरा. फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा. प्रौढाने आठवड्याला १५० ते २०० ग्रॅमपेक्षा अधिक खाऊ नये, लहान मुलांना रानातली अळंबी देऊ नये. तव्यावर वीस ते तीस मिनिटे शिजवल्याखेरीज ती तोंडात घालू नये. आणि शिजवण्यापूर्वी वेचलेल्या अळंबीचे छायाचित्र काढून ठेवावे. दुर्दैवाने काही झालेच, तर विषोपचार केंद्रातल्या डॉक्टरांना त्या चित्रावरून उपचार ठरवता येतात.

भट्टीची ऊब

इथून पुढे स्वयंपाकघर. बाहेर धुके आणि ओल, आत भट्टी पेटलेली. अळंबीचा ‘तुर्त’, म्हणजे दोन पोळ्यांमध्ये सारण भरून भाजलेला पदार्थ, करताना सुरुवात तव्यावरच होते. अळंबीत पाणी भरपूर. ते पूर्ण आटेपर्यंत ती परतली नाही, तर पीठ भिजून चिखल होतो. सुरक्षितता आणि चव यांचा नियम इथे एकच. मग त्यात लोणी, लसूण, पार्स्ली, थोडी साय घालून ते सारण भट्टीत जाते.

त्याच दिवसांत चेस्टनट आणि अक्रोड पिकतात. आर्देश आणि कॉर्सिका इथल्या डोंगराळ भागांत गहू पिकत नसे, तिथे चेस्टनट हेच भाकरीचे झाड होते. त्याच्या पिठात ग्लूटेन नसल्याने फुगणारा पाव हवा तर गव्हाचे पीठ मिसळावे लागते. पेरिगॉर प्रांतात अक्रोडाचा केक होतो.

आणि सोलोन्यमध्ये सफरचंदाचा ‘तार्त तातँ’. लामोत-बव्राँ या गावी रेल्वे स्थानकासमोर स्तेफानी आणि कारोलीन या तातँ भगिनींचे हॉटेल होते. घाईत एकीकडून तार्त उलटा झाला आणि नवा पदार्थ जन्मला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. परंतु उलटे तार्त या भागात आधीपासून होत असत, असे अभ्यासक मानतात. लोणी आणि साखरेत सफरचंदाच्या फोडी तांबूस होईतो शिजवायच्या, वर पिठाची पोळी झाकायची, भाजायचे आणि गरम असतानाच ताटलीत उलटायचे. कृती एवढीच, पण साखर जळण्यापूर्वीचा क्षण नेमका ओळखता आला पाहिजे.

रानातही तसेच. वाटेत दिसलेल्या बहुतेक अळंब्यांना हात न लावता पुढे जाणे, हे तिथल्या वेचणाऱ्याचे पहिले शिक्षण. संध्याकाळी टोपलीत चार-पाच सेप असल्या तरी तुर्त होतो, मागून उलटा तार्त येतो, घर भरते. आणि सकाळी काढलेले टोपलीचे छायाचित्र निदान दोन-तीन दिवस कोणी पुसत नाही.