बारा मिनिटे आधी वाजलेली घंटा
कॅडेट, इयत्ता दहावी

मागच्या सप्टेंबरातल्या एका सोमवारी आपले सगळे हाउस पहाटे बारा मिनिटे आधी उठले. पाऊस भुरभुरत होता. ज्युनिअर मुले डोळे चोळत, एका बुटाची लेस बांधत आणि दुसऱ्याची तशीच सोडून मैदानावर फॉल इन झाली. उस्ताद आले नव्हते. चहाही आला नव्हता. कोणीतरी मागून म्हणाले, "अरे, आत्ता कुठे पाच-तीन झालेत." ते बरोबर होते, पण घंटेशी कोणी वाद घालत नाही. त्या दिवशी ड्यूटी कॅडेट मी होतो आणि घंटा मीच वाजवली होती. माझ्या मनगटावर सव्वापाच वाजले होते.

याबद्दल मला चार दिवस एक्स्ट्रा ड्रिल मिळाली, ती योग्यच होती. त्याविषयी तक्रार करायला मी लिहीत नाही. घड्याळ पुढे का गेले, हे शोधताना मला एक उपकरण, एक पुस्तक आणि एक चित्रपट सापडला. मराठी पानासाठी 'आवडती वस्तू' या विषयावर लिहा असे सरांनी सांगितले, तेव्हा हेच आठवले.

घड्याळ माझे नाही. ते माझ्या आजोबांचे आहे. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, आता बेळगावला असतात. हे घड्याळ त्यांनी नोकरीत असताना पगारातून घेतले. एच.एम.टी.चे 'जनता' मॉडेल, पांढरी तबकडी, रोज चावी द्यायची. मी शाळेत भरती झालो तेव्हा त्यांनी ते स्वतःच्या हाताने माझ्या मनगटावर बांधले आणि पट्ट्याला एक जादा भोक पाडून दिले. आपल्याकडे होस्टेलमध्ये मोबाइल चालत नाही, म्हणून वेळ बघायला माझ्याकडे तेवढेच.

एच.एम.टी. हे बंगळूरचेच. हिंदुस्तान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ मध्ये सुरू झाली. तिचे मूळ काम यंत्रे बनवणारी यंत्रे तयार करायचे. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिने घड्याळांचा कारखाना काढला. जनता, पायलट, जवान, कांचन अशी त्या घड्याळांची नावे. आमच्या नात्यात लग्नात जावयाला एच.एम.टी. देण्याची पद्धतच होती, असे आजी सांगते. पुढे क्वार्ट्झची घड्याळे आली, मग मोबाइल आले, आणि २०१६ मध्ये सरकारने एच.एम.टी.ची घड्याळ कंपनी बंद करायचे ठरवले. लालबागेत फुलांचे मोठे घड्याळ पाहिले असेल, ते एच.एम.टी.चे. जलहळ्ळीला त्यांचे संग्रहालय आहे, मेट्रोने जाता येते. आउटिंगला मॉलमध्ये जाण्यापेक्षा तिथे जा, असा माझा आगाऊ सल्ला.

आता आत काय चालते ते सांगतो. चावी दिली की आत एक पोलादी पट्टी गुंडाळली जाते. ती सुटायला बघते आणि चाके फिरवते. तिला मोकळे सोडले, तर सगळे काटे काही क्षणांत गरगर फिरून थांबतील. म्हणून वाटेत एक पहारेकरी असतो. त्याचे नाव बॅलन्स. हे छोटे चाक पुढे-मागे, पुढे-मागे डोलते आणि प्रत्येक डोलण्याला दातेरी चाकाचा एकच दात पुढे सोडते. आपल्याला ऐकू येते ती टिकटिक म्हणजे दात अडवल्याचा आवाज. बॅलन्सला परत मागे खेचते ती केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग. पार्कातल्या झोपाळ्यासारखेच आहे. दोरी आखूड केली की झोपाळा लवकर लवकर हलतो. हेअरस्प्रिंग आखूड झाली की घड्याळ पुढे जाते.

'जनता'चे बॅलन्स सेकंदाला पाच ठोके देते. म्हणजे तासाला १८,००० आणि दिवसाला ४,३२,०००. माझे घड्याळ शनिवारी संध्याकाळी मी बरोबर लावले होते आणि सोमवारी पहाटे ते बारा मिनिटे पुढे होते. दिवसाला साधारण आठ मिनिटे. ऐकायला भयंकर वाटते, पण गणित मांडले तर आठ मिनिटे म्हणजे दिवसाचा १८०वा भाग. मिनिटाला ३०० ठोके पडायचे तिथे पावणेदोन जास्त पडत होते, बस. एवढ्याशा फरकाने सत्तर मुले पावसात उभी राहिली.

पण पावणेदोन ठोके जास्त का? पहिल्यांदा मला वाटले, मी चावी जास्त पिळली. आमच्या डॉर्मिटरीत सगळ्यांचे तेच मत पडले. ते चूक निघाले. चावी पूर्ण भरली की ती पुढे फिरत नाही, आपण थांबायचे. त्याने घड्याळ पुढे जात नाही. खरे कारण भौतिकशास्त्राच्या सरांनी एका प्रश्नात काढले. त्यांनी विचारले, "शनिवारी घड्याळ कुठे ठेवलं होतंस?"

शनिवारी वादविवाद स्पर्धेची तालीम होती. बोलताना हात हलवायची मला सवय आहे, म्हणून मी घड्याळ काढून स्टेजवरच्या मोठ्या स्पीकरच्या खोक्यावर ठेवले आणि तासभर तिथेच विसरलो. स्पीकरमध्ये मोठा चुंबक असतो. सरांनी मॅप रीडिंगच्या तासाचा होकायंत्र मागवला. आधी मित्राचे साधे घड्याळ वीतभर अंतरावर धरले, सुई ढिम्म. मग त्याच जागी माझे धरले. सुई वळली आणि जवळ नेल्यावर थरथरू लागली. घड्याळाच्या आतले पोलाद चुंबक झाले होते. हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटली की तिची मोकळी लांबी कमी होते. म्हणजे झोपाळ्याची दोरी आखूड.

कारण कळले, पण उपाय शाळेत नव्हता. दसऱ्याच्या सुट्टीला अजून तीन आठवडे होते आणि सुट्टीत आजोबा बेळगावहून आमच्या व्हाइटफील्डच्या घरी येणार होते. खंडेनवमीला ते सगळी हत्यारे आणि अवजारे पाटावर मांडतात. विळी, पक्कड, बाबांचा लॅपटॉप, त्यात हे घड्याळही. मी घड्याळ लॉकरमध्ये ठेवून दिले आणि रविवारच्या फोनवर आजोबांनी विचारले की "चाललंय ना नीट?" तेव्हा "हो" म्हणालो. हे मला लिहायला आवडत नाही, पण झाले तसे सांगतो.

त्या तीन आठवड्यांत लायब्ररीत दावा सोबेल यांचे 'लाँगिट्यूड' हे पुस्तक हाती लागले. इंग्रजी आहे, पण बारीक आहे. त्यात घड्याळाची गोष्ट म्हणजे माणसांच्या जिवाची गोष्ट आहे. जुन्या काळी खलाशांना अक्षांश कळत, सूर्याची किंवा ध्रुवताऱ्याची उंची मोजली की झाले. रेखांश मात्र कळत नसत. १७०७ मध्ये इंग्लंडच्या आरमाराची चार जहाजे आपण कुठे आहोत हे न कळल्यामुळे खडकांवर फुटली. १७१४ मध्ये तिथल्या पार्लमेंटने रेखांश शोधणाऱ्याला २०,००० पौंडांचे बक्षीस लावले.

घड्याळाचा आणि रेखांशाचा संबंध सोपा आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंशाला चार मिनिटे. जहाजावर ज्या बंदरातून निघालो तिथली वेळ दाखवणारे घड्याळ ठेवायचे. सूर्य सगळ्यात उंच आला की आपल्याकडे दुपारचे बारा. त्या क्षणी घड्याळात बंदराचे किती वाजलेत ते पाहायचे. फरकाच्या दर चार मिनिटांना एक अंश. अट एवढीच, की हलत्या जहाजावर, उन्हात, थंडीत, खाऱ्या हवेत ते घड्याळ महिनोन्‌महिने बरोबर चालले पाहिजे. आणि तसे घड्याळ कोणाकडेच नव्हते.

ते जॉन हॅरिसन यांनी बनवले. ते शिकलेले घड्याळजी नव्हते, सुतार होते. पहिली तीन घड्याळे मोठी आणि जड होती. चौथे तळहातावर मावेल एवढे, १७५९ मध्ये पूर्ण झालेले. १७६१ मध्ये त्यांचा मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला गेला. ८१ दिवसांच्या प्रवासात ते पाचच सेकंद मागे पडले. तरीही बक्षिसासाठी हॅरिसन यांना भांडावे लागले. शेवटचे पैसे मिळाले तेव्हा ते ८० वर्षांचे होते. परीक्षक मंडळात खगोलशास्त्रज्ञ होते आणि त्यांना उत्तर आकाशात सापडावे असे वाटत होते. सुताराच्या खोक्यात ते सापडले हे त्यांना पटत नव्हते. वाचताना मला परीक्षकांचा फार राग आला.

मग मी माझी बारा मिनिटे त्यात घालून पाहिली. बारा मिनिटे म्हणजे तीन अंश. आपल्या भागात तीन अंश म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर. चेन्नई आणि बंगळूर यांच्यात तीन अंशही नाहीत. माझ्या घड्याळावर कोणी जहाज हाकले असते, तर चेन्नईच्या बंदरात उभे असताना कप्तानाला वाटले असते की आपण बंगळूरच्याही पश्चिमेला, डोंगरावर आहोत. हे मी डॉर्मिटरीत सांगितले. पुढचे काही दिवस मला 'कॅप्टन' म्हणून हाक मारत होते.

चित्रपट शनिवारच्या शोमध्ये पाहिला, 'अपोलो १३', १९९५चा. ज्यांनी झोप काढली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एप्रिल १९७० मध्ये तीन अंतराळवीर चंद्राकडे निघाले होते, वाटेत ऑक्सिजनची टाकी फुटली. वीज वाचवायला त्यांना संगणक बंद ठेवावा लागला. परतीच्या वाटेत यान थोडे वळवायचे होते, नाहीतर पृथ्वीच्या वातावरणात ते योग्य कोनात शिरले नसते. प्रत्यक्षात त्या वेळी इंजिन १४ सेकंद चालवले गेले. दोघांनी यान पृथ्वीकडे बघून सरळ धरले आणि तिसरे, जॅक स्वायगर्ट, यांनी सेकंद मोजले. कशावर? मनगटावरच्या चावीच्या घड्याळावर. आत तेच सगळे, पट्टी, चाके, बॅलन्स. मी अंधारात माझ्या रिकाम्या मनगटाकडे पाहिले.

दसऱ्याच्या सुट्टीत घरी पोचलो तो अष्टमीचा दिवस. व्हाइटफील्ड तुम्हाला काचेच्या इमारतींसाठी माहीत असेल. पण ते गाव १८८२चे आहे. म्हैसूरच्या महाराजांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या वसाहतीसाठी जमीन दिली आणि त्यांचे पुढारी व्हाइट यांच्यावरून नाव पडले. जुन्या वसाहतीचा गोल रस्ता अजून आहे. त्याच बाजूला एका जिन्याखाली घड्याळ दुरुस्तीचे दुकान आहे, आपल्या बंक बेडपेक्षा लहान. समोरच्या इमारतींत जगभरच्या कंपन्यांची सॉफ्टवेअर बनतात आणि इथे एक काका डोळ्याला भिंग लावून बसतात.

मी होकायंत्राचा प्रयोग सांगायला लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवले. एक निळी डबी काढली, घड्याळ तिच्यावर ठेवले, बटण दाबले आणि घड्याळ हळूहळू वर उचलत लांब नेले. झाले! दहा सेकंद. डबीत तारेचे वेटोळे असते. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होते, तसे डबीतले चुंबकत्वही उलटसुलट होत राहते. पोलादातले बारीक बारीक चुंबक त्याबरोबर फिरतात, आणि घड्याळ दूर जाते तसतसे ते वाटेल त्या दिशांना तोंड करून थांबतात. सगळे एकाच दिशेला उभे असतील तर प्लॅटून, पांगले की बाजार. पोलादाचा बाजार झाला की चुंबक संपला.

काका हिंदीत म्हणाले की आत तेल सुकले आहे, सणानंतर आण, उद्या हत्यारांना सुट्टी. पैसे पन्नास घेतले. घरी येऊन मी होकायंत्र लावून पाहिला. सुई ढिम्म.

दुसऱ्या दिवशी पाटावर घड्याळाला झेंडूचे फूल वाहिले. आजोबा हळदीकुंकू लावत होते. मी सांगायचे नाही असे ठरवले होते, घड्याळ तर बरे झालेच होते. पण त्यांनी ते उचलून नेहमीसारखे कानाला लावले आणि मला राहवले नाही. स्पीकर, घंटा, पाऊस, फोनवरचा "हो", सगळे एका दमात सांगितले. आजोबा बराच वेळ घड्याळ कानाशीच धरून होते.

"बारा मिनिटं लवकर ना?" ते म्हणाले. "उशिरा नाही ना?"

"नाही आजोबा, लवकर."

"मग ठीक आहे. पण फोनवर परत असं 'हो' म्हणू नकोस."

आता घड्याळ दिवसाला वीसेक सेकंद मागे पडते. तेल घातले की सुधारेल. रोज लाइट्स आउटच्या आधी मी चावी देतो आणि घड्याळ लाकडी खणात ठेवतो, स्पीकर, मोबाइलची कव्हरे, टिफिनची चुंबकी झाकणे यांपासून लांब. कोणाचे चावीचे घड्याळ एकाएकी पळू लागले असेल, तर होकायंत्र घेऊन मला भेटा, फुकट तपासून देतो. पुढच्या महिन्याच्या रोस्टरवर ड्यूटी कॅडेट म्हणून माझे नाव परत लागले आहे. शेजारच्या बेडवरच्या दोघांनी वर्गणी काढून गजराचे घड्याळ आणले आहे.